उभ्या धाग्याच्या तुटी, ताण आणि विणकराचे मीटर: द्विमार्गी ॲनोव्हाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५
काम ठरले. इचलकरंजीतल्या साध्या यंत्रमागांच्या एका शेडमध्ये विणकराचे दिवसाचे मीटर कशामुळे कमी-जास्त होतात ते मोजायचे. इथे मजुरी पिकाच्या (आडव्या धाग्याच्या एकेका फेकीच्या) हिशोबाने मीटरवर ठरते, म्हणजे माग जितका वेळ उभा तितके विणकराचे पैसे बुडाले. माग थांबण्याची कारणे बरीच: उभा धागा तुटणे, आडवा तुटणे, कांडी (आडव्या सुताची) संपणे, धोटा अडकणे, वीज जाणे, भीम (उभा धागा गुंडाळलेला रूळ) संपणे. त्यांतली उभ्या धाग्याची तूट बराच वेळ खाते, कारण तुटलेले टोक शोधायचे, सांधायचे, वहीतून (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून ओढायचे आणि मग माग चालू करायचा. एका विणकराकडे चार, सहा किंवा आठ माग असतात. तो एकावर वाकलेला असताना दुसरा थांबला तर दुसरा नुसता उभा राहतो. त्यामुळे तुटी दुप्पट झाल्या की नुकसान दुपटीहून जास्त होते.

पहिला नियम आजच लिहून ठेवला: तुटींचा तक्ता विणकराच्या नावावर लावायचा नाही. सूत, सायझिंग (उभ्या धाग्याला दिलेली खळ) आणि ताण यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय कोणता विणकर चांगला आणि कोणता कच्चा हे बोलायचे नाही.

पद्धत द्विमार्गी ॲनोव्हाची: आकड्यांतल्या चढउतारात दोन घटकांचा आणि त्यांच्या एकत्र परिणामाचा वाटा किती ते वेगळे काढायचे. शेडमध्ये पाऊल ठेवण्याआधी ही संपूर्ण पद्धत एका प्रसिद्ध, तपासता येण्याजोग्या आकडेवारीवर चालवून बघायची.

५ फेब्रुवारी २०२५
आकडेवारी निवडली: एल. एच. सी. टिपेट यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या उभ्या धाग्याच्या तुटी. टिपेट मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ. कामगार आणि यंत्र कधी चालू, कधी थांबलेले याच्या अधूनमधून झटपट नोंदी घेऊन वेळेचे प्रमाण काढण्याची पद्धत त्यांनीच कापड गिरण्यांत १९३० च्या दशकात रूढ केली. म्हणजे आमच्या प्रश्नाचे दोन्ही धागे त्यांच्याकडेच जातात. हा संच आर या संगणक भाषेत वार्पब्रेक्स नावाने आयता मिळतो.

लोकरीचे दोन प्रकार (अ, ब) आणि ताणाच्या तीन पातळ्या (कमी, मध्यम, जास्त). सहा कप्पे, प्रत्येकात नऊ माग, एकूण ५४ नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे धाग्याच्या ठरावीक लांबीमागे एका मागावर झालेल्या तुटी.

अ, कमी ताण: २६, ३०, ५४, २५, ७०, ५२, ५१, २६, ६७. बेरीज ४०१
अ, मध्यम: १८, २१, २९, १७, १२, १८, ३५, ३०, ३६. बेरीज २१६
अ, जास्त: ३६, २१, २४, १८, १०, ४३, २८, १५, २६. बेरीज २२१
ब, कमी: २७, १४, २९, १९, २९, ३१, ४१, २०, ४४. बेरीज २५४
ब, मध्यम: ४२, २६, १९, १६, ३९, २८, २१, ३९, २९. बेरीज २५९
ब, जास्त: २०, २१, २४, १७, १३, १५, १५, १६, २८. बेरीज १६९

एकूण १५२०, सरासरी २८.१५. आकडे टंकल्यावर आधी या बेरजा जुळवायच्या. एका आकड्याची चूक पुढच्या सगळ्या वर्गांत पसरते.

८ फेब्रुवारी २०२५
हाताने गणित. सॉफ्टवेअर एका ओळीत उत्तर देते, पण कोणता आकडा कुठून आला हे एकदा तरी कागदावर दिसले पाहिजे.

दुरुस्ती पद: १५२० चा वर्ग भागिले ५४ = ४२७८५.१९.
लोकर: अ ची बेरीज ८३८, ब ची ६८२. दोन्हींच्या वर्गांची बेरीज भागिले २७, वजा दुरुस्ती पद = ४५०.६७.
ताण: ६५५, ४७५, ३९०. वर्गांची बेरीज भागिले १८, वजा दुरुस्ती पद = २०३४.२६.
सहा कप्पे मिळून: वर्गांची बेरीज भागिले ९, वजा दुरुस्ती पद = ३४८७.७०.
आंतरक्रिया (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणे): ३४८७.७० मधून लोकर आणि ताण वजा = १००२.७८.
एकूण: ५४ आकड्यांच्या वर्गांची बेरीज ५२०१८, वजा दुरुस्ती पद = ९२३२.८१.
अवशेष (कप्प्याच्या आतला, घटकांनी न उलगडलेला चढउतार): ९२३२.८१ वजा ३४८७.७० = ५७४५.११.

मुक्तता-मात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) लोकर, ताण, आंतरक्रिया आणि अवशेष यांच्या अनुक्रमे १, २, २ आणि ४८. वर्गांची बेरीज भागिले मात्रा म्हणजे सरासरी वर्ग. अवशेषाचा सरासरी वर्ग ११९.६९. एफ म्हणजे घटकाचा सरासरी वर्ग भागिले अवशेषाचा; पी म्हणजे परिणाम नसतानाही इतका मोठा एफ योगायोगाने येण्याची शक्यता.

लोकर: एफ ३.७७, पी ०.०५८
ताण: एफ ८.५०, पी ०.०००७
आंतरक्रिया: एफ ४.१९, पी ०.०२१

५ टक्के पातळीला एफचे तक्त्यातले मूल्य १ आणि ४८ मात्रांसाठी ४.०४, २ आणि ४८ साठी ३.१९. नेहमीची चूक इथेच होते: तक्ता वरून खाली वाचला जातो आणि पहिल्याच ओळीवर 'लोकरीचा परिणाम नाही' असे लिहून मोकळे होतात. तक्ता खालून वर वाचायचा. आंतरक्रिया ठळक असेल तर वरच्या दोन ओळी एकेकट्या वाचण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी २०२५
कप्प्यांच्या सरासरी आलेखावर मांडल्या. आडव्या अक्षावर ताण, उभ्यावर तुटी, दोन लोकरींच्या दोन रेषा.

अ: ४४.५६, २४.००, २४.५६
ब: २८.२२, २८.७८, १८.७८

रेषा समांतर तर नाहीतच, एकमेकींना दोनदा छेदतात. अ मध्ये ताण कमीवरून मध्यमवर नेला की तुटी जवळजवळ निम्म्या होतात आणि पुढे ताण वाढवून काही मिळत नाही. ब मध्ये कमी आणि मध्यम सारखेच, घट दिसते ती मध्यम ते जास्त या टप्प्यात. नुसती ताणाची सरासरी (३६.३९, २६.३९, २१.६७) पाहिली तर 'ताण वाढवा, तुटी कमी होतील' असा सरळ निष्कर्ष निघतो, आणि तो दोन्ही लोकरींसाठी अर्धवट आहे.

विणकराच्या बाजूने हेच वाचून पाहा. 'अ' आणि कमी ताण अशा मागांवर बसलेल्या माणसाला 'अ' मध्यम ताणावर चालवणाऱ्यापेक्षा पावणेदोनपटीहून जास्त तुटी सांधाव्या लागतात. दोघांचे मीटर शेजारी ठेवून तुलना केली तर पहिल्यावर अन्याय होतो, आणि त्याला वाटून दिलेला भीम आणि लावून दिलेली (ताण ठरवणारी) वजने यांत त्याचा हात नसतो. एकमार्गी विश्लेषणात हे दिसत नाही. दोन घटक एकत्र हाताळायचे मुख्य कारण हेच.

१४ फेब्रुवारी २०२५
गृहीतके. सर्वांत महत्त्वाचे गृहीतक म्हणजे सगळ्या कप्प्यांत प्रचरण (आकड्यांचा पसरा, प्रमाण विचलनाचा वर्ग) सारखे. कप्प्यांची प्रचरणे: ३२७.५, ७५.०, १०५.५, ९७.२, ८८.९, २३.९. मोठ्याला लहानाने भागले तर १३.७. हार्टलीच्या कसोटीत सहा कप्पे आणि प्रत्येकी ८ मात्रांसाठी मर्यादा ९.०३. गृहीतक मोडले.

कारण उघड आहे. तुटी ही मोजणी आहे. मोजणीत सरासरी वाढली की पसराही वाढतो. 'अ-कमी' कप्प्यात सरासरी सर्वांत जास्त आणि प्रमाण विचलनही सर्वांत जास्त (१८.१), 'ब-जास्त' मध्ये दोन्ही सर्वांत कमी (४.९). एकट्या 'अ-कमी' कप्प्यातून अवशेषाच्या वर्गांच्या बेरजेचा ४५ टक्क्यांहून जास्त भाग येतो. म्हणजे ११९.६९ हा 'सामाईक' आकडा प्रत्यक्षात कोणत्याच कप्प्याचा नाही: 'ब-जास्त' साठी तो फार मोठा, 'अ-कमी' साठी फार लहान.

कप्प्यांत नोंदी समान असल्या की एफ कसोटी असा फरक बऱ्यापैकी पचवते. पण दोन कप्प्यांची जोडीने तुलना करताना हा सामाईक आकडा दगा देतो, आणि शेडमध्ये विचारले जाणारे प्रश्न जोडीचेच असतात. सोडून देता येत नाही.

'अ-कमी' मधले ७० आणि ६७ हे आकडे 'वेगळे' म्हणून काढून टाकायचा मोह होतो. त्याच कप्प्यात ५४, ५२, ५१ आहेत. ही चुकून पडलेली नोंद नाही, त्या कप्प्याचा स्वभाव आहे. नोंद काढायची ती फक्त कारण लिहिता आले तर: माग बिघडला, भीम बदलला, वीज गेली.

१५ फेब्रुवारी २०२५
नैसर्गिक लॉग घेऊन पुन्हा विश्लेषण. कप्प्यांच्या प्रचरणांचे सर्वांत मोठे-लहान गुणोत्तर १३.७ वरून ३.२ वर आले. अवशेषांच्या आलेखातला कर्ण्याचा आकार गेला.

लोकर: वर्गांची बेरीज ०.३१३, एफ २.२३, पी ०.१४२
ताण: २.१७६, एफ ७.७८, पी ०.००१२
आंतरक्रिया: ०.९१३, एफ ३.२६, पी ०.०४७
अवशेष: ६.७१४, सरासरी वर्ग ०.१३९९

आंतरक्रिया टिकली, पण ०.०२१ वरून ०.०४७ वर. याचा अर्थ नीट लिहून ठेवायला हवा. मूळ मोजमापात आंतरक्रिया म्हणजे 'तुटींच्या संख्येतला फरक ताणानुसार बदलतो'. लॉगमध्ये ती म्हणजे 'तुटींचे गुणोत्तर ताणानुसार बदलते'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जिथे तुटी जास्त तिथे फरकही मोठा, एवढ्यामुळे दिसणारी आंतरक्रिया लॉग घेतला की विरघळते. इथे ती पूर्ण विरघळली नाही, कारण रेषा एकमेकींना छेदतात. आपल्या कामाला गुणोत्तर जास्त उपयोगी: 'या सुतावर दीडपट तुटी' हे वाक्य माग सहा असोत की आठ, लागू पडते.

नोंदीत शून्य तुटी असतील तर लॉग घेता येत नाही. सरसकट १ मिळवण्याची पळवाट लहान आकड्यांत निकाल वाकवते. तसे झाले तर मोजणीचा काळ वाढवावा किंवा पॉयसाँ घराण्याचे (मोजणीच्या आकड्यांसाठीचे) मॉडेल घ्यावे.

१८ फेब्रुवारी २०२५
कप्पेवार तुलना. आंतरक्रिया आहे म्हणून प्रत्येक ताणाला लोकरींची वेगळी तुलना. मूळ मोजमापात फरकाची प्रमाण त्रुटी ५.१६; फरक भागिले ही त्रुटी म्हणजे टी.

कमी ताण: फरक १६.३३, टी ३.१७
मध्यम: −४.७८, टी −०.९३
जास्त: ५.७८, टी १.१२

तीन तुलना एकत्र असल्याने बोनफेरोनी मर्यादा (अनेक तुलनांसाठी कडक केलेली) सुमारे २.४८. फक्त कमी ताणाला लोकरींत फरक. लॉगमध्ये तोच फरक ०.४३६, टी २.४७, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. गुणोत्तरात १.५५ पट, ९५ टक्के विश्वास-अंतर १.०८ ते २.२०. अहवालात हे अंतर छापायचे. 'ठळक आहे' किंवा 'नाही' असा एकच शब्द छापला तर वाचणाऱ्याला काठावरचे उत्तर छातीठोक वाटते.

एका लोकरीच्या आत तीन ताणांची टुकी तुलना (सगळ्या जोड्या एकत्र तपासणारी कसोटी): मूळ मोजमापात १२.५ हून मोठा फरक हवा. 'अ' मध्ये कमी ताण उरलेल्या दोन्हींपासून सुमारे २० ने वेगळा. 'ब' मध्ये सर्वांत मोठा फरक १०, तो या कसोटीत उतरत नाही. उतरला नाही म्हणजे ब ला ताणाने काही होत नाही असे नव्हे. कप्प्यात नऊ नोंदी असताना ८० टक्के खात्रीने पकडता येणारा फरक साधारण १४ तुटींचा. १० तुटींचा फरक तितक्याच खात्रीने पकडायचा तर कप्प्यात साधारण १९ नोंदी हव्या.

पॉयसाँ मॉडेलही चालवले: आंतरक्रियेसह उरलेले डेव्हियन्स (मॉडेल आणि नोंदी यांतली तफावत) १८२.३१, मात्रा ४८. भागाकार १ च्या आसपास हवा, तो ३.८ येतो. साधे पॉयसाँ इथे खोटी अचूकता दाखवते. जास्त पसरा मान्य करणारे मॉडेल, म्हणजे क्वासी-पॉयसाँ किंवा ऋण द्विपद, घ्यावे लागेल. शेडच्या अहवालासाठी लॉगवरचा ॲनोव्हा पुरे, समजावून सांगायलाही सोपा.

२४ फेब्रुवारी २०२५
आता शेडचा आराखडा. घटक पहिला: सायझिंगचे दोन प्रकार, सूत आणि नंबर (सुताची जाडी) एकच. घटक दुसरा: ताणाच्या तीन पातळ्या.

साध्या मागावर ताण येतो तो भीमाच्या मागच्या साखळी-वजनांच्या ब्रेकमधून. इथे एक गोष्ट विसरली तर सगळा प्रयोग वाया: भीम भरलेला असताना त्रिज्या मोठी, तो रिकामा होत जातो तशी त्रिज्या घटते आणि वजने तीच ठेवली तर धाग्यावरचा ताण वाढत जातो. म्हणजे 'दोन वजने' ही पातळी भरल्या भीमावर एक आणि अर्ध्या भीमावर दुसरीच. म्हणून पातळी वजनांच्या संख्येवर ठरवायची नाही. ताणमापकाने धाग्यावर मोजायचे, पातळ्या त्या आकड्यात ठरवायच्या, पाळीच्या सुरुवातीला आणि मध्यावर पुन्हा मोजून वजने सरकवायची. भीमाचा व्यास प्रत्येक नोंदीत लिहायचा.

मोजमापाचे एकक: दर एक लाख पिकांमागे उभ्या धाग्याच्या तुटी. दिवसामागे तुटी मोजल्या तर जास्त चाललेला माग उगाच वाईट दिसतो. मिनिटाला १४० पिकांच्या मागावर एक लाख पिके म्हणजे सुमारे ७१४ मिनिटांची अखंड चाल, बारा तासांच्या पाळीच्या जवळपास. इंचाला ५२ पिकांच्या कापडात ते साधारण ४८.८ मीटर. माग मध्ये मध्ये थांबणारच, त्यामुळे एका नोंदीला एका पाळीहून जास्त वेळ लागेल असे धरून वेळापत्रक आखले.

पुनरावृत्ती कशाला म्हणायचे हे सर्वांत जास्त वेळा चुकते. एकाच मागावर एकाच भीमाच्या नऊ पाळ्या मोजल्या तर त्या नऊ स्वतंत्र नोंदी नाहीत. तो माग आणि तो भीम यांचा गुणदोष नऊ वेळा मोजला जातो, अवशेष खोटा लहान येतो आणि एफ फुगतो. टिपेट यांच्या आकड्यांत कप्प्यातली प्रत्येक नोंद वेगळ्या मागाची आहे, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे एका मागाच्या सगळ्या पाळ्यांची एकच सरासरी काढायची आणि ती एक नोंद धरायची.

कोणता भीम कोणत्या मागावर जाईल हे चिठ्ठ्या टाकून. जॉबरच्या (मागांची देखभाल करणाऱ्याच्या) पसंतीने ठरवले तर चांगला भीम चांगल्या मागावर जातो आणि सायझिंगचा फरक मागाच्या फरकात मिसळतो. तो नंतर कोणत्याही गणिताने सुटा होत नाही. दिवसपाळी-रातपाळी हा ब्लॉक (तुलना ज्याच्या आतच करायची असा गट) ठेवला. उन्हाळ्यात दुपारी शेडमधली आर्द्रता उतरते आणि सायझिंग केलेला सुती धागा ठिसूळ होऊन जास्त तुटतो. प्रत्येक पाळीत तीनदा ओल्या-कोरड्या तापमापकाची नोंद.

३ मार्च २०२५
विणकर हाच घटक घ्यायचा झाला तर. शेडमालकांचा मूळ प्रश्न हाच असतो, म्हणून वेगळी नोंद.

इथे विणकर म्हणजे मोठ्या समूहातून आलेले काही जण, त्यामुळे तो यादृच्छिक घटक: निष्कर्ष या काही जणांपुरता नव्हे, सगळ्या समूहासाठी हवा. दोन सायझिंग, सहा विणकर, प्रत्येक जोडीला तीन नोंदी: एकूण ३६, अवशेषाच्या मात्रा २४. सायझिंगचा एफ काढताना भाजक अवशेष नव्हे, सायझिंग-विणकर आंतरक्रियेचा सरासरी वर्ग. मात्रा १ आणि ५, मर्यादा ६.६१. चुकून अवशेषाने भागले तर मर्यादा ४.२६ दिसते आणि फरक नसताना सापडतो. विणकर बारा केले तर मात्रा १ आणि ११, मर्यादा ४.८४. तेच सहा जण जास्त दिवस मोजण्यापेक्षा आणखी विणकर घेतलेले फायद्याचे.

एक्सेलच्या टूलपॅकमधला पुनरावृत्तीसह द्विघटक ॲनोव्हा सरसकट 'विदिन' (अवशेषाच्या) ओळीनेच भागतो, त्याला यादृच्छिक घटक कळत नाही. तिथून फक्त सरासरी वर्ग घ्यावेत, भागाकार स्वतः करावा आणि पी मूल्य एफडिस्टने काढावे.

प्रत्येक विणकर-सायझिंग जोडीला एकच नोंद असेल तर आंतरक्रिया आणि अवशेष वेगळे करताच येत नाहीत. टुकी यांची १९४९ ची एक मात्रेची कसोटी फक्त गुणाकाराच्या स्वरूपाची आंतरक्रिया पकडते, छेदणाऱ्या रेषा तिला सुटू शकतात. म्हणून किमान दोन नोंदी, शक्यतो तीन.

प्रत्येक विणकराने दोन्ही सायझिंगवर काम केलेच पाहिजे. अनुभवी माणसांना एक सायझिंग आणि नवख्यांना दुसरे असे वाटप झाले की विश्लेषण तिथेच संपले.

१० मार्च २०२५
गळालेल्या नोंदी. शेडमध्ये भीम संपतो, कामगार गावी जातो, कप्पे असमान होतात. टूलपॅक असमान कप्पे घेतच नाही. रिकामी जागा सरासरीने भरून पुढे जाणारे असतात. त्याने अवशेष खोटा घटतो, करू नये.

आर मधले ॲनोव्हाचे नेहमीचे फंक्शन एओव्ही वर्गांच्या बेरजा क्रमाने काढते. कप्पे समान असताना क्रमाने फरक पडत नाही, असमान झाले की 'सायझिंग आधी, ताण नंतर' आणि उलटे यांची उत्तरे वेगळी येतात. असमान कप्प्यांसाठीचे गणित फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्येच मांडले आहे. आपला नियम: आधी आंतरक्रिया तपासायची. ती नसेल तर दुसऱ्या प्रकारच्या बेरजा (प्रत्येक घटक दुसऱ्याचा वाटा काढून). असेल तर कप्पेवार तुलना, तिथे बेरजांच्या प्रकाराचा वादच उरत नाही. तिसरा प्रकार (आंतरक्रियेचाही वाटा काढून) वापरायचाच असेल तर घटकांचे संकेतन बेरीज-शून्य पद्धतीचे करायला विसरू नये. आरचे मूळचे संकेतन ठेवले तर मुख्य परिणामांच्या ओळी निरर्थक येतात.

१३ मार्च २०२५
नोंदतक्ता पक्का. एका ओळीत एक नोंद. रकाने: तारीख, पाळी, माग क्रमांक, विणकराचा संकेत (नाव नाही), भीम क्रमांक, सायझिंग, मोजलेला ताण सुरुवातीला आणि मध्यावर, भीमाचा व्यास, आर्द्रतेच्या तीन नोंदी, पिक-काउंटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, उभ्या धाग्याच्या तुटी, आडव्या धाग्याच्या तुटी, इतर थांबे कारणासह. उभ्या आणि आडव्या तुटी एकाच रकान्यात कधीही नाहीत. आडव्याची कारणे कांडीत आणि धोट्यात असतात, सायझिंगचा तिथे संबंध नाही.

विणकराचा वेळ कुठे जातो हे टिपेट यांच्या झटपट नोंदींनी. सांधण्यात जाणारा वेळ २० टक्क्यांच्या आसपास आहे असे धरले आणि उत्तर ३ टक्के इकडेतिकडे हवे असेल, तर सुमारे ६८३ नोंदी लागतात. फेरीच्या वेळा यादृच्छिक अंकांवरून ठरवायच्या. तासाच्या ठोक्याला फेरी मारली तर कांडी बदलायची वेळ आणि फेरी जुळते आणि प्रमाण चुकते.

तुटी मोजण्याचे काम विणकराला द्यायचे नाही, त्याचा हात सांधण्यात गुंतलेला असतो. मोजणारा वेगळा, आणि त्याला कोणत्या भीमावर कोणते सायझिंग आहे हे माहीत नसावे. भीमावर फक्त क्रमांक, यादी कार्यालयात बंद. मोजणी सुरू होण्याआधी सर्व विणकरांना तक्ता दाखवायचा, आणि मालकांकडून लेखी घ्यायचे की या आकड्यांवर कोणाची मजुरी किंवा माग ठरणार नाहीत. ते पत्र हातात आल्यावरच पहिला भीम चढवायचा.